कानाने जुळवलेले

३ फेब्रुवारी, सोमवार

जेवताना कुरकुर करायची नाही, असा घरात ठराव झाला आहे. दोन विरुद्ध एक. बायको म्हणाली, "काय ती किरकिर वहीत लिहीत जा, म्हणजे आम्हाला दोन घास सुखानं खाता येतील." सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण संध्याकाळी ही वही त्यांनीच माझ्या टेबलावर आणून ठेवली. म्हणजे अनुमोदन कुणाचं ते कळलं.

तर पहिली किरकिर. आज एक पेडल परत आलं. हा उद्योग सुरू केल्यापासून पहिल्यांदाच.

पेडल म्हटलं की शेजारी अजून विचारतात, सायकलचं का? सायकलचं नाही. गिटार आणि स्पीकर यांच्या मधे, वाजवणाऱ्याच्या पायाशी ठेवायचा धातूचा डबा. खटका पायानं दाबला की साधा सूर जाड होतो, फाटतो, गुरगुरायला लागतो. आतली जोडणी माझी, वरचं चित्र सासूबाईंचं. त्यांनी जन्मभर लोकांच्या दारावरच्या पाट्या रंगवल्या. आता डबे रंगवतात. मागच्या महिन्यात दात काढून हसणारं गाढव काढलं होतं, त्याच्यासाठी दोन गिऱ्हाइकं भांडली.

परत आलेल्या पेडलासोबत चिठ्ठी होती : "आवाज कानात सुईसारखा घुसतो." मी लगेच लावून ऐकलं. कसली सुई आणि कसलं काय! उलट जरा मऊच वाटलं. पंचवीस वर्षं स्टेजच्या बाजूला, स्पीकरच्या भिंतीला खांदा लावून उभा राहिलेला माणूस मी. मला आवाज शिकवायला निघालेत.

बाजारातली पेडलं मोजमापानं बनतात. माझ्या डब्यात शेवटचा कपॅसिटर मी मोजून लावत नाही. शेंगदाण्याएवढा तो तुकडा, पण आवाजाची धार किती ठेवायची ते तोच ठरवतो. एकेक चिमट्यात धरून लावतो, तार छेडतो, ऐकतो, आणि मन हो म्हणालं की तोच कायमचा जोडतो. मग झाकणाच्या आतल्या बाजूला लिहितो, "कानाने जुळवलेले", आणि खाली सही. सगळं दुकान त्या दोन शब्दांवर उभं आहे.

४ फेब्रुवारी, मंगळवार

कोडं सुटलं. परत आलेलं पेडल बिनरंगाचं होतं! गिऱ्हाइकाला घाई होती म्हणून सासूबाईंच्या हाताखालून न जाता, नुसता कोरा डबा पाठवला होता. रंगवून गेलेल्या एकाही पेडलाबद्दल आजवर तक्रार नाही. सगळे म्हणतात, गोड वाजतं. म्हणजे लोक डोळ्यांनी ऐकतात. चित्र दिसलं की आवाजही गोड लागतो.

हा शोध मी सासूबाईंना सांगितला. त्या ब्रश धुवत होत्या. "असेल हो, जावईबापू," म्हणाल्या, आणि पुन्हा ब्रशच धुवायला लागल्या. त्यांना शास्त्रात रस नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

टोपी आला होता. खरं नाव काहीतरी आहे, पण घरात, दारात, स्टेजवर टोपी काढत नाही म्हणून आम्ही त्याला टोपीच म्हणतो. या शहरात गिटार वाजवून ज्याच्यासाठी सभागृह भरतं असा हा एकटाच. त्याला तीन पेडलं हवीत, तिन्ही एका आवाजाची. एक स्टेजवर, एक घरी, एक जवळ राखून ठेवायला. बावीस तारखेच्या शनिवारी मोठा कार्यक्रम आहे.

"काका, या पहिल्यासारखी करा," म्हणाला. फळीवर माझं पहिलंवहिलं पेडल आहे, विकायचं नाही म्हणून ठेवलेलं. ते त्यानं लावून बराच वेळ वाजवलं. मला ते हल्ली बसकं वाटतं. कपॅसिटर म्हातारे होतात. पण त्याच्यापुढे काय बोलणार?

मी स्टेजमागचं काम सोडलं तेव्हा जुने सोबती म्हणाले होते, वर्षभरात केबल गुंडाळायला परत येशील. आता त्याच स्टेजवर माझा आवाज जाणार. हे जमलं तर मी पेडल बनवणारा. नाही जमलं तर केबल गुंडाळणारा. मधलं काही नाही.

सासूबाईंनी तीन बकऱ्या काढायचं ठरवलं आहे. एकाच घरातल्या.

९ फेब्रुवारी, रविवार

किरकोळ किरकिरी, एका दमात.

एक, बायको पुटपुटायला लागली आहे. स्वयंपाकघरात तोंड करून काहीतरी बोलते आणि मी "काय?" विचारलं की "काही नाही" हे मात्र खणखणीत म्हणते.

दोन, नवीन किटली. शिट्टीवाली म्हणून आणली. दुसऱ्या महिन्यातच शिट्टी गेली. आज मी शेजारी उभा राहून पेपर वाचत होतो, पाणी उकळून अर्धं झालं तरी हूं नाही की चूं नाही. सासूबाई आतल्या खोलीतून धावत येऊन गॅस बंद करून गेल्या. त्यांना वास आला असणार.

तीन, सासूबाईंना वर्कशॉपमध्ये सारखी थंडी वाजते. मी पेडल लावून छेडायला लागलो की शाल कानावरून घेतात. खिडकी बंद केली तरी तेच. वय झालं.

दोन डबे जोडून त्यांच्याकडे रंगवायला दिले. धार मनासारखी आली आहे.

११ फेब्रुवारी, मंगळवार

वर्कशॉपमध्ये उभ्यानंच लिहितोय. अक्षर वाकडं येईल.

गाढवाचं पेडल खटका बिघडला म्हणून दुरुस्तीला आलं. आमची पद्धत अशी, की डबा रंगवून झाला की झाकणाच्या स्क्रूवर सासूबाई लाल रंगाचा थेंब सोडतात. कुणी उघडला तर थेंब फुटतो. थेंब शाबूत होता. तो खरवडून मी झाकण काढलं.

शेवटचा कपॅसिटर माझा नाही.

मी पिवळे वापरतो. हा हिरवा. आणि जोड! माझा जोड तंबूसारखा, चारी बाजूंनी उतरता. हा गोळा. नवशिक्याचा, पण काळजीनं केलेला. वर झाकणात माझी सही, "कानाने जुळवलेले".

थेंब न फोडता आत कुणालाच जाता येत नाही. म्हणजे थेंब सोडायच्या आधी कुणीतरी गेलं. थेंब कोण सोडतं ते मला माहीत आहे. त्यांना सोल्डर करायला कुणी शिकवलं तेही माहीत आहे. मीच.

१२ फेब्रुवारी, बुधवार

कामात लक्ष नाही. फळीवरचं पहिलं पेडल पाहिलं. बाकीच्या फळीवर धूळ आणि ते तेवढं स्वच्छ. कुणीतरी नेहमी काढतं आणि ठेवतं. कशाला? नक्कल करायला?

पुढच्या गल्लीतला दाढीवाला आठवला. त्यानंही पेडलं करायला घेतली आहेत. गेल्या महिन्यात बाजारात सासूबाईंशी बराच वेळ बोलत उभा होता. रंगाबद्दल विचारत होता, असं त्या म्हणाल्या.

लिहितानाही लाज वाटते. पण डोक्यातून जात नाही. त्याला माझी जोडणी हवी असेल, आणि माझं नाव खराब झालेलंही. बायकोच्या आईबद्दल मी असा विचार करतोय. जेवताना त्यांनी मला पहिल्यांदा वाढलं, नेहमीसारखं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

दोन बकऱ्या रंगून आल्या. एक चरतेय, दुसरी मान वळवून आपल्याकडे बघतेय. इतकं सुंदर काम की क्षणभर राग विसरलो. वर दोन लाल थेंब.

खरवडले. उघडले. दोन्हींत हिरवा. तळपायाची आग मस्तकात गेली.

१६ फेब्रुवारी, रविवार

बोललो. बोलायला नको होतं तेही बोललो.

दोन्ही डबे उघडे करून त्यांच्यापुढे ठेवले. तिसऱ्या बकरीचं पुढचं अंग रंगवून झालं होतं, मागचं बाकी होतं. "हे कुणी केलं?" मी विचारलं.

"मीच," त्या म्हणाल्या. लपवलंसुद्धा नाही.

"का?"

"मला बरं वाटेना ते, जावईबापू."

"तुम्हाला? तुम्ही गिटार कधी हातात धरलीय? की दाढीवाल्यानं सांगितलं बदलायला?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी नजर खाली घेतली. त्यांनी ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवला, फडक्याला हात पुसले, एकेक बोट. "मी जे केलं ते तुमच्या पेडलाच्या भल्यासाठी केलं. चुकलं असेल तर राहू द्या," म्हणाल्या आणि आत गेल्या.

बायको दारात उभी होती. तिचा आवाज मात्र पुटपुटता नव्हता. "माझ्या आईला चोर म्हणालास तू?" वर मलाच म्हणते, "आधी कान दाखवून ये डॉक्टरला. किती महिने सांगतेय!" भांडणात माणूस कुठला विषय कुठे नेईल सांगता येत नाही. मी कपॅसिटरबद्दल बोलतोय आणि ही डॉक्टर काढतेय.

दोन्ही हिरवे उपटले. पिवळे लावले, आधीपेक्षा थोडे जास्त धारेचे. तिसऱ्या डब्यातही तसाच बसवला. आता ऐकायला स्वच्छ वाटतं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

घरात कुणी कुणाशी बोलत नाही. सासूबाई वर्कशॉपमध्ये आल्या नाहीत. तिसरी बकरी अर्धीच उभी आहे.

२० फेब्रुवारी, गुरुवार

टोपीच्या तालमीला गेलो. दोन पूर्ण बकऱ्या आणि एक अर्धी, तिन्ही घेऊन. मोठी खोली, जाजम, कोपऱ्यात ॲम्प. त्यानं चरणारी बकरी लावली, पाय दाबला.

छान वाजली, असं मला वाटलं. मी मान डोलवत होतो. मग पाहिलं तर ड्रमवाल्यानं एक डोळा बारीक केला होता आणि खांदा कानापर्यंत नेला होता. टोपी वाकला आणि धारेचा नॉब पार खाली केला. तरी त्याचा चेहरा खुलला नाही. दुसरी लावली. तिसरी लावली. तोवर ड्रमवाला पाणी प्यायला बाहेर गेला होता.

"काका, टोचतंय हो."

"खोलीमुळे," मी म्हणालो. "भिंती कोऱ्या आहेत."

"माझं दुसरं पेडल याच खोलीत वाजवतो ना मी." तो फार सभ्य माणूस आहे. टोपीची कड चिमटीत धरून जमिनीकडे बघत बोलला. "मला तुमच्या पहिल्यासारखंच हवं होतं. शनिवारी दुपारपर्यंत बघा. नाही जमलं तर या वेळी राहू दे, मी माझ्या जुन्यावर निभावून नेईन."

तिन्ही बकऱ्या पिशवीत घालून चालत घरी आलो. बसमध्ये बसवेना.

एक गोष्ट मनात येते आणि मी ती हाकलतो. हिरव्या कपॅसिटरच्या पेडलांबद्दल आजवर कुणीही टोचतंय म्हणालं नाही. ज्यांना सासूबाईंचा हात लागला नाही तीच टोचली. हा योगायोग आहे. योगायोगच असला पाहिजे. नाहीतर मला काहीच कळत नाही असं होईल.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी पेडलं घेऊन बसलो. पिवळे बदलून पाहिले, पुन्हा बदलले. हा आणि तो यांतला फरकच कळेना. स्वतःचीच चीड आली आणि समोर किटली दिसली. म्हटलं, निदान हिच्याशी तरी आज हिशेब चुकता करू. उचलली आणि दुकानात गेलो.

भांड्यांचं दुकान, गर्दी बऱ्यापैकी. गल्ल्यावरच्या बाईंना म्हटलं, शिट्टीवाली म्हणून विकलीत आणि शिट्टी वाजत नाही. त्या म्हणाल्या, उकळून बघू. मागे छोटी शेगडी होती, तिच्यावर ठेवली. आम्ही सगळे बघत उभे राहिलो. मी जरा मोठ्यानंच, चार लोकांना कळावं म्हणून, या कंपन्या कशा फसवतात ते सांगत होतो.

वाफ आली. चांगली जोराची, तोंडातून सरळ वर.

"बघा," मी म्हणालो. "वाफ आहे. शिट्टी कुठेय?"

शेजारी एक बाई लहान मुलीला घेऊन उभी होती. तिनं दोन्ही तळव्यांनी मुलीचे कान झाकले. कढया बघणाऱ्या माणसानं मागे वळून कपाळाला आठी घातली. गल्ल्यावरच्या बाईंचे ओठ हलत होते, हात शेगडीकडे होता. मी सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होतो आणि किटलीच्या सर्वांत जवळ मीच उभा होतो.

त्यांनी शेगडी बंद केली. मुलीच्या आईनं हात खाली घेतले.

"काका, बरं वाटतंय ना तुम्हाला? बसता का?" गल्ल्यावरच्या बाईंनी विचारलं.

"किटली चांगली आहे," मी म्हणालो. "माझंच चुकलं."

कसा घरी आलो ते आठवत नाही. रस्त्यात एका झाडाखाली थांबलो होतो. वर पाखरं होती, चोची उघडत होती, मिटत होती. मी बघत राहिलो.

भीती वाटली. डोळे गेले असते तर कुणी तरी हात धरला असता. पण ज्या कानाच्या जोरावर मी लोकांना हिणवलं, त्या दाढीवाल्याला, ड्रमवाल्याला, कोऱ्या भिंतींना, आणि ज्या बाईनं माझी लाज झाकली तिलाही, तो कान मला न सांगता निघून गेला होता.

सासूबाईंच्या दारात उभा राहिलो. त्या उशांचे अभ्रे घड्या करत होत्या. हातातला कपॅसिटरचा ट्रे मी त्यांच्या पलंगावर ठेवला. पिवळे आणि हिरवे, सगळे.

"आई, किटलीची शिट्टी वाजते."

त्या घडी करायच्या थांबल्या. "वाजते," म्हणाल्या.

"कधीपासून ठाऊक आहे तुम्हाला?"

"गाढवाच्या बऱ्याच आधीपासून. चमचा पडला की पूर्वी तुम्ही दचकायचा. मग दचकेनासे झालात. पेडलं चिरकायला लागली. ती मी फळीवरच्या पहिल्याशी ताडून पाहायची. तुम्ही बाहेर गेलात की बदलायची."

"मला सांगायचं नाही का?"

"जावयाला?" त्या किंचित हसल्या. "आणि कसं सांगू? झाकण उघडलं की समोर तुमची सही. कानाने जुळवलेले. ते वाचलं की माझी जीभच उचलायची नाही. लेकीला म्हटलं तू सांग, तर तिचं तुम्ही ऐकेनात." मग अभ्र्याची कड सरळ करत म्हणाल्या, "दाढीवाल्याचं नाव घेतलंत ते मात्र फार लागलं मला."

मी त्यांच्या पाया पडलो. लग्नात पडलो होतो तो फोटोग्राफरनं सांगितलं म्हणून. आज खरा पडलो. "उठा, उठा, कपॅसिटर सांडतील," म्हणाल्या, आणि स्वतःच डोळे पुसले.

मग कामाला बसलो. त्यांनी शाल खांद्यावर टाकली, डोळे मिटले. मी पहिलं पेडल छेडलं, मग चरणारी बकरी. एकेक तुकडा चिमट्यात धरला. "अहं." दुसरा. "अहं." तिसऱ्याला शाल कानावर गेली, म्हणजे तो नक्कीच नाही. बराच वेळ असं चाललं. मला फक्त गुरगुर ऐकू येत होती आणि त्यांचा चेहरा दिसत होता. एका तुकड्याला त्यांच्या कपाळावरची आठी गेली. "हं. हाच," म्हणाल्या.

तिन्ही झाली. जोड मी घातले, तंबूसारखे. अर्ध्या बकरीचं मागचं अंग त्यांनी तिथल्या तिथे रंगवून टाकलं. बायको कामावरून आली, दारातून दोघांना बघितलं आणि काही न बोलता चहा ठेवायला गेली. मी मुद्दाम हाक मारली, "किटली वाजली की सांग गं!" आत भांडं आपटल्याचा आवाज आला. रडत होती की हसत होती, कळलं नाही. सोमवारी डॉक्टरकडे जायचं आहे. या वेळी मी स्वतःच म्हणालो.

झाकणं लावायच्या आधी पेन सासूबाईंच्या पुढे धरलं. "हे खोडून तुमचं नाव लिहा."

"खोडायचं कशाला? कानानेच जुळवलंय की. कुणाच्या, ते तुम्ही कधी लिहिलं होतंत?"

मी फक्त माझी सही खोडली.

२३ फेब्रुवारी, रविवार

काल टोपीनं दुपारी तिन्ही बकऱ्या वाजवून पाहिल्या आणि "चला, काका," म्हणत स्टेजवर घेऊन गेला. तो सभ्य माणूस, ऐन वेळी तोंडावर वाईट बोलणार नाही. म्हणून संध्याकाळी धाकधूक होतीच.

आम्ही तिसऱ्या रांगेत बसलो. बायको एका बाजूला, सासूबाई दुसऱ्या. सभागृह भरलं होतं. स्टेजच्या बाजूला माझा जुना सोबती केबल हातात घेऊन उभा होता. त्यानं मला पाहून हात केला.

पहिली दोन गाणी साधी होती. तिसऱ्याच्या मध्यावर टोपी पुढे आला आणि मी त्याच्या पायाकडे बघितलं. उजळ दिव्यात बकरीचा पांढरा ठिपका दिसत होता. पाय उचलला गेला. मी स्टेजकडे बघणं सोडलं आणि सासूबाईंकडे वळलो.

आवाज आला. छातीत आला, खुर्चीत आला, तेवढा मलाही आला. वरचा जो काही भाग असतो तो लोकांसाठी होता, माझ्यासाठी नव्हता. त्याचं दुःख झालं.

सासूबाईंचा हात शालीकडे गेला. त्यांनी शालीखालून रुमाल काढला, चष्म्याची काच पुसली, चष्मा परत डोळ्यांवर चढवला आणि बकरी नीट दिसते का ते बघायला मान उंच केली.

गाणं लांबलं. लोक उभे राहिले. बायको माझ्या कानाजवळ तोंड आणून काहीतरी म्हणाली, मी मान हलवली, पण नजर हलवली नाही. शाल शेवटपर्यंत खांद्यावरच होती.